रेघेपर्यंत भरलेला कॅन

माझ्या एका वाक्यामुळे टी. नगरमधल्या एका सज्जन गृहस्थांना तीन आठवडे बिनसाखरेची कॉफी प्यावी लागली. ज्यांनी मद्रासमध्ये दिवस काढले आहेत त्यांना या शिक्षेची कल्पना येईल. इतरांसाठी सांगते, तिथे सकाळची कॉफी घशाखाली उतरेपर्यंत नवराबायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. त्या गृहस्थांचा काहीही अपराध नव्हता. अपराध कुणाचा ते शोधताना माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि शोध लागला तेव्हा नोकरीपेक्षा फार मोठं काहीतरी थोडक्यात वाचलं होतं.

माझे यजमान मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात. लग्न होऊन साताऱ्याहून तिथल्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी दोन वर्षं भांडून भांडून ती भाषा शिकले. पुढे ऐंशीच्या दशकात एका आरोग्य-पाहणीसाठी तपासनीस बाया हव्यात अशी जाहिरात आली. माझी होमसायन्सची पदवी होती, चालायची सवय होती आणि भाजीवालीच्या कृपेने कुणी दार लावून घेतलं तरी बाहेरून बोलत राहण्याची ताकद होती. मला घेतलं. नेमणूक अकरा महिन्यांची. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि नव्या कागदाची वाट बघायची. तो येईल की नाही या काळजीत त्या दिवशी माझ्या घरी हमखास आमटी करपायची.

काम काय, तर लोक काय खातात, किती चालतात, विडी-तंबाखू ओढतात का, रक्तदाब किती, हे घरोघर जाऊन लिहून आणायचं. त्यावरून उद्या कोणाला कोणता रोग होण्याचा धोका आहे ते मोठे डॉक्टर ठरवणार. डॉक्टरकडे माणूस दुखायला लागल्यावर आपल्या पायांनी जातो. आम्ही न दुखणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन उभ्या राहायचो. आपल्याला काहीही झालेलं नाही हे पटवताना लोक जितकं खोटं बोलतात तितकं कोर्टातही बोलत नसतील.

आवडीला आमच्याच वसाहतीतल्या एका बाईंनी मला सांगितलं की आमच्या घरी तेल जवळजवळ नाहीच. त्या वेळी त्यांच्या हातात झारा होता आणि झाऱ्यात बज्जी होती. मी नुसतं बज्जीकडे बघितलं, तर म्हणाल्या, "हे आजचंच. पाऊस आहे ना." बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. अण्णा नगरच्या एका गृहस्थांनी रोज सकाळी व्यायाम म्हणून तासभर चालतो असं सांगितलं. ते कुठे चालतात याची चौकशी केली तर वाटेत वर्तमानपत्र, वडा, कॉफी आणि मित्राचा ओटा एवढे मुक्काम निघाले. चालणं सगळं मिळून दोन गल्ल्यांचं होतं. एका साडीच्या दुकानाच्या मालकांनी मला गल्ल्याशेजारीच रक्तदाब मोजायला बसवलं. आकडा बराच वर निघाला. ते म्हणाले, "अम्मा, हा माझा नाही, दुकानाचा आहे. पोंगलचा सण उरकला की मोजा."

सगळ्यात कठीण प्रश्न मिठाचा. "मीठ किती खाता?" याला सगळं मद्रास एका आवाजात "कमीच" म्हणायचं. लोणचं, अप्पळम म्हणजे आपले पापड, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या यांतलं मीठ कुणी मीठ धरतच नसे. एक आजी म्हणाल्या, "लोणच्यात मीठ मी मुलीसाठी घालते, माझ्यासाठी नाही," आणि ते लोणचं त्या माझ्यासमोर दहीभाताबरोबर खात होत्या.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. जेवढं मीठ खाल्लं त्यातलं बहुतेक लघवीतून बाहेर पडतं. तेव्हा चोवीस तासांची सगळी लघवी गोळा करायची आणि प्रयोगशाळेत त्यातलं मीठ मोजायचं. शास्त्र म्हणून हे चोख आहे. पण ते दारात उभं राहून, परक्या भाषेत, अनोळखी माणसाला समजावणं हे माझ्याकडे आलं. माझ्या भाजीवालीने यातला एकही शब्द मला शिकवला नव्हता.

त्यासाठी पाच लिटरचे पांढरे प्लास्टिकचे कॅन आले. कोरे करकरीत, घट्ट झाकणाचे, वर धरायला कडी. त्या वर्षी मद्रासमध्ये पाण्याचे हाल होते. नळाला पाणी नाही, गल्लीत पाण्याची लॉरी आली की बायका प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावायच्या. अशा गावात आम्ही चांगले कॅन फुकट वाटत सुटलो होतो. दुसऱ्या दिवशी मी गोळा करायला गेले तर आमचे चार कॅन लॉरीच्या रांगेत उभे होते. एका घरात मी कॅन मागितला, तर त्यांनी आधी उन्हातून आले म्हणून त्यातलंच पाणी मला पेल्यात ओतून दिलं. कॅन वापरण्याआधी पाण्याला लावला की वापरून झाल्यावर, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

कॅनवर एक लिटरपाशी निळी रेघ होती. रेघेच्या खाली नमुना आला तर तो अपुरा समजून सगळा दिवस पुन्हा करून घ्यायचा, असा ऑफिसचा नियम होता. हा नियम मी घरोघर मोठ्याने वाचून दाखवायची. यात चूक काय झाली ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मद्रासच्या उन्हात माणसाचं निम्मं पाणी घामातच जातं. रेघ गाठायची कशी, हा प्रश्न आम्ही ज्याच्या त्याच्यावर सोडला होता.

आता टी. नगरचे ते गृहस्थ, सेतुमाधव राव. हे तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीतरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, घरात जुनी मराठी बोलणारे, बाहेर पक्के तमिळ. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मी आधी तमिळमध्ये सुरुवात केली. माझे दोन वाक्यांतले उच्चार ऐकून ते म्हणाले, "तुमी मराठे काय? मग हें कष्ट कां करतां? बैसा. कावेरी, कॉफी आण, आमचीं माणसें आलीं आहेत." इतकी वर्षं परगावात काढल्यावर कुणी "बैसा" म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं.

कॉफी घेऊन त्यांच्या पत्नी, कावेरीमामी, आल्या. मद्रासला अशा वयाच्या सगळ्या बाया मामी. नऊवारी नेसलेल्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला हळद लावून फडकं बांधलेलं होतं. "लागलं का?" असं मी विचारलं, तर "चप्पल चावली" म्हणाल्या आणि आत गेल्या. कॅनच्या या पाहणीत घरटी एक माणूस घ्यायचा होता, कर्ता पुरुष. फॉर्ममध्ये मामींसाठी एकच जागा होती, "स्वयंपाक कोण करतं".

रावांसारखा माणूस पाहणीला लाखात एक. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, खाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आणि मला म्हणाले, "छत्तीस वर्सें नोकरी केली, बाई. माझा एक तक्ता अपुरा म्हणून परत आला नाहीं." दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर कॅन अंगणात तुळशीपासून बेताच्या अंतरावर, पाटावर ठेवलेला. बरोबर रेघेपर्यंत भरलेला. राव मुंज लावल्यासारखे प्रसन्न होते. मी त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि मनात म्हटलं, सगळे असे असते तर काय हवं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत सेल्वम नावाचा माणूस होता. मिठाच्या आधी तो प्रत्येक नमुन्याची साखरही बघायचा. निळ्या द्रावणात चार थेंब टाकून नळी तापवायची. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. रावांची नळी विटकरी झाली. ऑफिसने मला घरी कळवायला पाठवलं आणि मी ते वाक्य बोलले, "रावसाहेब, तुमच्या लघवीत साखर आहे."

राव खुर्चीत बसले. त्यांना गोडाचं वेड होतं. मामींच्या हातचा साखर पोंगल नावाचा गोड भात, शुक्रवारची खीर म्हणजे पायसम, कॉफीत तीन चमचे. पण कागदावर आलेलं त्यांनी आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं. त्याच क्षणी साखरेचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने फळीवर चढवला. रक्ताची तपासणी व्हायची होती, पण आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने साचून राहिलेले, त्यामुळे तीन आठवडे लागणार होते. मी अधूनमधून धीर द्यायला जायची. राव दिवसेंदिवस सुकत चाललेले, बिनसाखरेची कॉफी औषधासारखी डोळे मिटून घ्यायचे. नैवेद्याचं गोड रोज व्हायचंच, देवाला कुठे साखरेची बंदी होती. "मग ह्यांच्या वाटणीचं काय करता?" मी मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "टाकवतें काय? मीच खातें." अंगठ्याचं फडकं तसंच होतं, फक्त आता मोठं झालं होतं. तरीही मी फॉर्म बंद करून कॉफी पिऊन निघाले. हे आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

रक्ताची तपासणी झाली. साखर अजिबात नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "कॅन बदलले असणार. म्हणजे साखर असलेला दुसरा कुणीतरी माणूस निर्धास्त फिरतोय. तो कोण ते शोधा आणि लेखी खुलासा द्या." माझे अकरा महिने पंधरा दिवसांनी संपत होते. खुलासा नीट झाला नाही तर नवा कागद येणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं.

मी तडक रावांकडे गेले. पहिल्यांदा त्यांना सुटकेची बातमी दिली, तर ते साखरेच्या डब्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं ते सकाळपासून सांगा. तुमचा कॅन कुणाशी बदलला का?"

"बदलतो कसा?" ते दुखावून म्हणाले. "मी दिवसभर त्याजवळ बैसलों होतों. देवळास गेलों नाहीं, वाचनालयास गेलों नाहीं. सगळें वहींत आहे."

वही खरोखरच होती. वेळ, आणि जुन्या औषधाच्या मापाने मोजलेलं प्रमाण. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. शेवटी सुबक अक्षरात शेरा होता, "रेघेस पोचलें." मी सहज आकडे मिळवत गेले. मिळवले आणि पुन्हा मिळवले. बेरीज पाऊण लिटरच्या वर जाईना.

"रावसाहेब, हे तर रेघेपर्यंत येत नाही."

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत तीन वेळा बेरीज केली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नव्हतं ते त्यांच्याच वहीत झालं होतं. "सकाळीं पाहिलें तो रेघेस होतें," ते म्हणाले. "मग मी बेरीज ताडलीच नाहीं."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामींचा आवाज आला. "मी भरलें."

आम्ही दोघंही वळलो. मामी दाराला धरून उभ्या होत्या. एरवी चार शब्दांवर न जाणाऱ्या मामी त्या दिवशी मात्र बोलल्या. "पहाटे पाहिलें तर उणें होतें. रेघेस आलें नाहीं तर पुन्हां एक दिवस करणें म्हणून तुमी सांगितलांत, बाई. एक पुरा दिवस हे घरांत बैसले होते. कांदा कसा चिरणें तें मला शिकवलें. भाताला पाणी किती तें सांगितलें. कामवालीला हिशेब विचारला, ती दुसरे दिवशीं आलीच नाहीं. आणखी एक दिवस मला झेपणार नाहीं म्हणून मी आपलें भर घातलें. चूक झाली काय?"

मला हसू आवरेना. रावांना हसावं की रागवावं ते कळेना. मग माझं हसू एकदम थांबलं. रावांचं रक्त स्वच्छ होतं. कॅनमध्ये साखर होती. आणि कॅनमध्ये दोनच माणसं होती.

"मामी," मी म्हटलं, "पाय दाखवा."

त्या नको नको म्हणत असताना रावांनी स्वतः खाली बसून फडकं सोडलं. आत काय होतं ते मी लिहीत नाही. हळदीखाली महिन्याभराची जखम होती आणि अंगठा काळपट पडायला लागला होता. "दुखत नाहीं," मामी म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं, साखर वाढली की पाय बधिर होतो, हे मला कामापुरतं ठाऊक होतं. रावांना नव्हतं. तरी ते वहीतल्या बेरजेकडे बघावं तसे त्या पायाकडे बघत राहिले. मग इतकंच म्हणाले, "आणि तीन आठवडे माझ्या वाटणीचेंही हीच खात होती."

आम्ही त्याच पावली ऑटो करून दवाखान्यात गेलो. ऑटोवाल्याशी घासाघीस न करता बसलेले राव हे मी त्या दिवशी एकदाच पाहिले. मामींची साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरांनी दाखलच करून घेतलं. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर अंगठा गेला असता, कदाचित पाऊलही, असं ते म्हणाले. मग इंजेक्शनं, रोजचं ड्रेसिंग, पथ्य. सव्वा महिन्याने जखम भरत आली. अंगठा राहिला.

मी खुलासा लिहिला. खरं तेच लिहिलं, की नियम मीच वाचून दाखवला होता, आणि कुणाचा दिवस पुन्हा व्हायला नको म्हणून घरच्या माणसाने रेघ गाठून दिली. खाली सही केली आणि घरी येऊन यजमानांना सांगितलं की आता मी मोकळी. पण मोठे डॉक्टर हुशार होते. त्यांनी गोदामातले सगळे कॅन बाहेर काढून ओळीने मांडायला लावले. माझ्या भागातले, दुसऱ्या बायांच्या भागातले, सगळे. बहुतेक सगळे बरोबर रेघेपर्यंत. एकही थेंब वर नाही, खाली नाही. इतके दिवस याच गोष्टीसाठी त्यांनी आमची पाठ थोपटली होती. कुणी पाणी घातलं होतं, कुणी भावाची मदत घेतली होती, एका घरात तर पाहुण्यांनाही आग्रह झाला होता. मला काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागलं असतं. नवा कागद आला. सेल्वम आठवडाभर ब्लेडने कॅनवरच्या रेघा खरवडत बसला होता आणि मी दिसले की तमिळमध्ये काहीतरी पुटपुटायचा. भाजीवालीने न शिकवलेले ते शब्दही मला आता समजत होते.

त्यानंतर मी फॉर्मची मागची बाजू वापरायला लागले. पुढच्या बाजूला कर्ता पुरुष. मागे, कॉफी कोणी आणली, तिची तब्येत कशी दिसते, पाय, डोळे, तहान. ऑफिसने ती बाजू कधी मोजली नाही. पण त्या मागच्या बाजूंमुळे मी कितीतरी बायांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. त्याआधी किती जणींच्या हातची कॉफी पिऊन तशीच निघाले असेन, ते कुठल्याच फॉर्मवर नाही.

पाहणीचा अहवाल छापून आला तेव्हा एक प्रत घेऊन रावांकडे गेले. रावांनी रीतसर प्रमाणपत्र मागून घेतलं होतं, त्यांना साखर नसल्याचं. ते चौकट करून देवघराशेजारी लावलं होतं. खाली नवी वही होती, मामींच्या पथ्याची. मामी चप्पल घालून अंगणात हिंडत होत्या. रावांनी अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला.

"ह्यांत आमचें कोठें आहे?"

"नावं नसतात त्यात," मी म्हटलं. "आणि रावसाहेब, तुमचा नमुना धरलाच नाही. तसले सगळे बाद केले."

राव फार दुखावले. त्यांचा तक्ता पहिल्यांदाच परत आला होता. त्यांची समजूत कशी घालावी हे मी शोधत असताना मामी आत आल्या, अहवाल हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"चाळीस वर्सें ह्यांचें जें जें उणें पडलें तें मीच भरलें, बाई," त्या म्हणाल्या. "कोणीं पाहिलें नाहीं. एकदांच कागदावर चढलें, तेंही ह्यांच्या नांवावर. आणि तेंही तुमी बाद केलांत."

रावांनी वही मिटली. मग उठले, आत गेले, भांड्यांचा बराच आवाज झाला आणि तीन पेले घेऊन बाहेर आले. त्या घरात कॉफी त्यांनी आणलेली मी पहिल्यांदा पाहिली. एकाही पेल्यात साखर नव्हती आणि कॉफी भयंकर झाली होती. मामी आणि मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.